वाशीमच्या नावात दडलेलं वासरू

रविवारची सकाळ. घरातून फर्मान सुटतं, "अर्धा किलो मटण घेऊन ये." तुम्ही बाइकला किक मारता. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी कार आडवी लावलेली असते. "कोणाची आहे बे ही कार?" असं म्हणत तुम्ही कशीबशी वाट काढता.

या दोन मिनिटांत तुम्ही काय केलंत, ठाऊक आहे? दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्समध्ये बोलली जाणारी आणि केव्हाच मरून गेलेली एक भाषा तुम्ही बोललात. 'मटण' आणि 'कार' हे दोन्ही शब्द मुळात त्या भाषेतले. तिचं नाव गॉलिश. ती बोलणारे लोक केल्ट. गुरं पाळायची, मेंढ्या राखायच्या, गाड्या हाकायच्या, हे त्यांचं जगणं. त्यांच्याकडे खच्ची केलेल्या मेंढ्याला 'मुल्तो'सारखा शब्द होता. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेला आणि 'मूतों' झाला, इंग्रजीत 'मटन' झाला आणि साहेबासोबत आपल्या ताटात येऊन 'मटण' झाला. त्यांच्या चाकांच्या गाडीला ते 'कार्रोस' म्हणत. रोमन लोकांना गाडी आवडली, त्यांनी शब्दही उचलला. त्याचीच पुढे 'कार' झाली.

आता खरी गंमत. या केल्ट लोकांनी आपली भाषा फारशी लिहूनच ठेवली नाही. थोडे शिलालेख, काही नाणी, गावांची आणि माणसांची नावं, बस. मग त्यांचा मेंढा, त्यांचा बैल, त्यांची गाय यांना ते काय म्हणत, हे आज कुणी सांगू शकतं ते कसं? आणि त्याचा वाशीम जिल्ह्यातल्या तुमच्या-माझ्या गोठ्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. वाचा.

चांदणी लावलेले शब्द

भाषेच्या अभ्यासात एक पद्धत आहे. एखादा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, पण तो असलाच पाहिजे असं हिशेबानं ठरतं, तेव्हा त्याच्या आधी * अशी चांदणी काढतात. २००९ साली रांको मातासोविच या क्रोएशियन अभ्यासकाचा आदि-केल्टिक भाषेचा व्युत्पत्तिकोश छापला गेला. त्यातला जवळजवळ प्रत्येक मुख्य शब्द असा चांदणीचा आहे. म्हणजे अख्खा कोश अशा भाषेचा, जिच्यातलं एक वाक्यही कुणी लिहून ठेवलेलं नाही!

हिशेब कसा करतात? जिवंत नातवंडांकडे बघून मेलेल्या आजीचा चेहरा काढायचा, तसा. केल्टिक घराण्यातल्या आयरिश, वेल्श, ब्रेटन अशा भाषा आजही बोलल्या जातात. आयरिशमध्ये गाईला म्हणतात 'बो'. इंग्रजीत 'काउ'. दिसायला काहीच साम्य नाही ना? थांबा. इंग्रजीत 'क्वीन', तर आयरिशमध्ये बाईला 'ब्यान'. इंग्रजीत 'क्विक', ज्याचा जुना अर्थ 'जिवंत', तर आयरिशमध्ये जिवंतला 'ब्यो'. एकदा झालं तर योगायोग म्हणू. पण जिथे इंग्रजीत सुरुवातीला 'क' तिथे आयरिशमध्ये 'ब', असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं की तो नियम झाला. आता याच तीन शब्दांच्या ओळीत संस्कृत बसवा: गो, जनी, जीव. म्हणजे 'काउ', 'बो' आणि आपली 'गाय' एकाच पोटची. आयरिशमध्ये मुलाला 'बुअखिल' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ गुराखी. आपल्याकडे नाही का 'गोपाळ' हे पोराचं नाव!

१७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्सनं भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आलेल्या दिसतात, असं तो म्हणाला. त्याच भाषणात त्यानं केल्टिकचंही नाव घेतलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ते नातं नियम लावून सिद्ध केलं.

कधी कधी हिशेबाला पुरावाही मिळतो. आयरिश 'तारव' आणि वेल्श 'तारु' यांवरून आदि-केल्टिकमध्ये वळूला *तार्वोस म्हणत असणार, असं ठरतं. पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चच्या खाली १७१० च्या सुमारास खोदकाम झालं. तेव्हा रोमन काळातला एक कोरीव खांब निघाला. त्यावर एक बैल आहे, बैलाबरोबर तीन क्रौंच पक्षी आहेत आणि वर नाव कोरलंय, 'तार्वोस त्रिगारानुस'. हिशेब आणि दगड, दोघांची उत्तरं जुळली.

आता आपल्या गोठ्यात

हीच पद्धत आपल्याकडे लावून बघा. त्यासाठी संस्कृतचा पंडित असायची गरज नाही. तुम्हाला मराठी येते, हिंदी येते, थोडी गुजराती कानावर पडलेली असते. तेवढं भांडवल पुरे.

हिंदी मछली, गुजराती माछली, मराठी मासा. हिंदी बछडा, गुजराती वाछरडुं, मराठी वासरू. दिसलं? जिथे त्यांच्याकडे 'छ', तिथे आपल्याकडे 'स'. म्हणजे या तिघांच्या आजीकडे 'च्छ' असला पाहिजे. केल्टिकवाल्यांना इथे चांदणी काढून थांबावं लागलं असतं. आपलं नशीब चांगलं. आपल्या आजीनं लिहून ठेवलंय. प्राकृतात माशाला 'मच्छ' आणि वासराला 'वच्छ' असे शब्द सापडतात. त्याहून मागे गेलं की संस्कृतातले 'मत्स्य' आणि 'वत्स'.

नियमाला एक पोटनियम आहे. पुढे इ, ई किंवा ए आला की 'स'चा 'श' होतो. मक्षिका, मच्छिआ, माशी. क्षेत्र, छेत्त, शेत. पण इक्षुचा मात्र ऊस, कारण पुढे इ-ए नाही.

आता वाशीमकडे या. वाकाटकांच्या काळात या गावाचं नाव होतं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. प्राकृतात ते झालं वच्छोम. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात हे नगर येतं आणि प्राकृत काव्यातल्या एका शैलीला 'वच्छोमी' असं नावच मिळालं होतं. तोंडोतोंडी झिजत वच्छोमचं झालं वाशीम. 'वच्छ'चा 'वास', आणि पुढे ई आल्यामुळे 'वाशी'. नियम चोख पाळलाय. गावाचं नाव वत्स ऋषींवरून पडलं, असं परंपरा सांगते. पण 'वत्स' या शब्दाचा अर्थच वासरू. म्हणजे एसटीच्या पाटीवर, आधार कार्डावर, कॉलेजच्या टीसीवर तुम्ही रोज एक वासरू घेऊन हिंडताय.

आणि हे वासरू कुठवर गेलंय बघा. वत्स म्हणजे मुळात 'एका वर्षाचं'. वर्षाला संस्कृतात 'वत्सर' म्हणतातच. संवत्सर त्यातलाच. लॅटिनमध्ये वासराला 'वितुलुस'. गुरांच्या डॉक्टरला आपण व्हेटरनरी डॉक्टर म्हणतो, तो शब्दही याच मुळाशी जोडला जातो. वासरू, वाशीम आणि व्हेटरनरी, हे तिघे लांबचे का होईना, पण भाऊबंद.

सारखा दिसला म्हणून भाऊ नव्हे

इथे एक खड्डा आहे. बरेच जण त्यात पडतात. "बैल आणि इंग्रजी बुल एकच ना?" नाही. 'बुल' जर्मानिक भाषांच्या घरातला. आपल्या 'बैला'चं प्राकृत रूप 'बइल्ल', आणि अभ्यासक ते 'बलीवर्द' या जुन्या शब्दाशी जोडतात. दिसायला जुळे, पण नातं नाही.

उलट मानेवरचं 'जू' बघा. संस्कृत युग, लॅटिन युगुम, वेल्श याय, इंग्रजी योक. एकही दुसऱ्यासारखा दिसत नाही, पण सगळे सख्खे. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, यंत्राचं जातं झालं. मधला 'ग' गळतो, म्हणून नगरचं 'नेर' झालं, जसं अमळनेर. युगाचं जू झालं ते याच दोन नियमांनी. आणि 'योग' हा शब्दही त्याच 'जोडणे' या धातूतला. २१ जूनला सकाळी उठून चटईवर बसता ना, तो योग आणि बैलाच्या मानेवरचं जू यांचं मूळ एक!

म्हणून व्हॉट्सॲपवर "अमुक शब्द तमुक भाषेतून आला" असा फॉरवर्ड आला की आधी विचारा, नियम कुठला? असाच बदल झालेले आणखी चार शब्द दाखव.

नांगर कुठला?

गाय, जू, वत्स हे शब्द हजारो मैलांवरच्या भाषांशी नातं सांगतात. मग नांगर? इथे गोष्ट वळण घेते.

युरोपातल्या भाषांमध्ये नांगराला एक जुना शब्द आहे. लॅटिन अरात्रुम, वेल्श अराद्र. तो संस्कृतात नाहीच. संस्कृतात आहे 'लांगल', अगदी ऋग्वेदातसुद्धा. पाली-प्राकृतात तो 'नंगल' होतो आणि मराठीत 'नांगर'. आता आजूबाजूला कान द्या. कन्नडमध्ये नेगिलु, तमिळमध्ये नाञ्जिल, संथाळीत नाहेल, पार कंबोडियातल्या ख्मेरमध्ये अंगल. म्हणजे हा शब्द संस्कृतला इथल्या मातीत भेटला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गाईचं नाव लांबून चालत आलं, नांगराचं नाव इथल्या शेतकऱ्याकडून घेतलं.

कॉलिन मसिका या अमेरिकन अभ्यासकानं १९७९ साली हिंदीतले शेतीचे आणि पिकांचे शब्द तपासले. सुमारे तीस टक्के शब्द त्याला ना संस्कृतच्या घराण्यात बसवता आले, ना द्राविडी, ना मुंडा. कुठल्या तरी हरवलेल्या भाषेतले हे शब्द, असं म्हणून त्या भाषेला नाव दिलं गेलं 'भाषा क्ष'. ज्या ग्रंथात हा लेख आला, त्याच्या दोन संपादकांपैकी एक होते माधव देशपांडे, आपले मराठी. विचार करा, एक अख्खी भाषा मेली. तिची कविता नाही उरली, राजे नाही उरले. उरले ते फक्त तिच्या शेतकऱ्यांचे शब्द, आपल्या तोंडात.

आपल्या वऱ्हाडात तर चारी बाजूंचे शब्द मुक्कामाला आहेत. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडी, इथे बंडी. तेलुगू आणि कन्नडमध्येही बंडी, तमिळमध्ये वंडी. तूप आपलं वाटतं ना? कन्नडमध्ये तुप्प. मानोऱ्याकडे तांड्यांवर गोरबोली बोलतात. तुमचा एखादा दोस्त तिथला असेल तर त्याला विचारा, बैलाला काय म्हणतोस? आणि त्याचं उत्तर राजस्थानी-गुजरातीतल्या 'बळद'शी जुळवून बघा. एकेकाळी हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेल्या समाजाची ती बोली आहे. बैलाबद्दल तिला जास्त माहीत असणार.

ताम्रपट आणि गोठा

१९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा दानाचा व्यवहार प्राकृतात. म्हणजे मिरवायचं एका भाषेत, आणि लोकांना समजायला पाहिजे ते लोकांच्या भाषेत! वाकाटकांचाच आणखी एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्यात गावाला दिलेल्या सवलतींची यादी आहे, आणि त्या यादीत 'गोबलीवर्द' आहेत. गावच्या गाईबैलांवर राजाच्या माणसांनी हक्क सांगायचा नाही, अशा अर्थाची ती सूट. राजाला तांब्यावर कोरून द्यावी लागली, एवढी बैलाची किंमत होती.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण स्टेटस ठेवले, अभिमान वाटला. अशा दर्जासाठी दाखवायचे पुरावे म्हणजे शिलालेख, ताम्रपट, पोथ्या. ते सगळं काचेच्या कपाटात सुरक्षित आहे. पण अर्धा पुरावा काचेत नाही. तो तुमच्या आजोबांच्या तोंडात आहे.

सुट्टीत गावी जाता ना? आजोबा म्हणतात, "थ्या जुवाची शिवळ आन बरं इकडं." तुम्ही उभे. "काहून रे, शिवळ माईत नाही तुले?" नसतेच माहीत. शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाला बैलाच्या मानेशी घालायची खुंटी. 'पास' म्हटलं की तुम्हाला परीक्षा आठवते, आजोबांना वखराची लोखंडी पात. वखराचं रुमणं, तिफणीचं चाडं, मागून धरायचं सरतं, आतून-बाहेरून शिकलेला हा सगळा शब्दकोश त्यांच्या एका पिढीपाशी येऊन थांबलाय.

ट्रॅक्टर आला, वाईट झालं, असं अजिबात म्हणायचं नाही. ज्याच्या पाठीला वखर हाकून कळ लागली, त्याला विचारा. बैलजोडी पाळणं परवडत नाही, ही खरी गोष्ट आहे. पण अवजार गेलं की त्याच्या मागे शब्द जातात, आणि तेही एकेक नाही, दाव्यासकट सगळी दावण जाते. वखर गेला की पास, रुमणं, वखरपाळी, सगळं गेलं. नवीन पेरणी यंत्राच्या भागांची नावं कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. चाडं कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. पुण्यात होस्टेलला तुम्ही 'वावर' म्हणालात आणि कुणी हसलं, म्हणून तुम्ही 'शेत' म्हणायला लागलात. 'डवरा' म्हणालात, ते म्हणाले, "कोळपं म्हण." तुम्ही गप्प बसलात. कशाला? ते पाभर म्हणतात, आपण तिफण म्हणतो. ते कुळव म्हणतात, आपण वखर. यातला एक शुद्ध आणि दुसरा गावठी, असं भाषाशास्त्र म्हणत नाही. उलट असे फरक हाच कच्चा माल असतो. आयरिश आणि वेल्शमध्ये फरक नसता तर *तार्वोस सापडला नसता. मराठी, हिंदी, गुजराती एकसारख्या असत्या तर वाशीममधलं वासरू दिसलं नसतं. सगळे एकसारखं बोलायला लागले की मागे जायची वाटच बंद.

करून बघा

यंदाच्या पोळ्याला गावी असाल, तर खांदेमळणीच्या दिवशीच सुरुवात करा. (पोळा हा शब्दही बघा: जुन्या मराठीत देवाला सोडलेल्या बैलाला 'पोळ' म्हणत.) फोन खिशात आहेच.

एक: "याला काय म्हणतात?" असं घरात बसून विचारू नका. अवजारापाशी जा. हात लावून एकेक भाग विचारा. हातात रुमणं आलं की विसरलेला शब्दही तोंडात येतो.

दोन: रेकॉर्ड करा. नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य घ्या. "सरतं कवा धरतात?" असं विचारलं की अर्धा तास ऐकायला मिळेल, आणि त्यात वीस शब्द आपसूक येतील.

तीन: आजीला सोडू नका. दूध, ताक, शेण, वासरू, कोंबड्या, बियाणं यांचे शब्द तिच्याकडे आहेत. कोशांच्या कामात ती बऱ्याचदा राहून जाते.

चार: गाव, तालुका, तारीख लिहा. रिसोडचा शब्द आणि कारंज्याचा शब्द वेगळा निघाला तर दोन्ही लिहा. खोडू नका.

पाच: मग ताडून बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, बरो आणि एमेनो यांचा द्राविडी कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही ऑनलाइन आहे. कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' मोठ्या वाचनालयात मिळतो.

एखादा शब्द यातल्या एकाही कोशात सापडला नाही तर निराश होऊ नका. उलट खूश व्हा. तो आतापर्यंत फक्त तुमच्या आजोबांपाशी होता, आता तुमच्यापाशी आहे.

शेवटी एक शब्द देऊन सोडतो. जुन्या काळी गाय चरायला गेली आणि संध्याकाळी परतली नाही, की तिला शोधायला रानात निघावं लागे. गाईचा शोध घेणं, म्हणजे संस्कृतात 'गवेषण'. पुढे कुठल्याही शोधाला तोच शब्द झाला, आणि संशोधनाला आजही आपण गवेषणा म्हणतो. त्याच शब्दाचं झिजून मराठीत झालं 'गवसणं'.

गाय रानात अजून आहे. अंधार पडायला थोडा वेळ आहे. निघा.